सरासरीपेक्षा उबदार महिना: तुलना नेमकी कशाशी करायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गेला महिना ऐन हिवाळ्याचा, पण थंडी अशी पडलीच नाही. गच्चीवर लावलेल्या तुमच्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशनची महिन्याची सरासरी तुम्ही शहराच्या १९६१ ते १९९० च्या सरासरीशी ताडून पाहिली तर ती २.४ अंश जास्त निघाली, वेधशाळेने मात्र त्याच महिन्याला ०.९ अंश जास्त एवढंच म्हटलंय. दुपारचं ऊन नेहमीसारखंच होतं, पहाटेचा गारठा तेवढा गायब होता, आणि शेवटचे चार दिवस बऱ्यापैकी थंडी पडली. पाऊस एरवी ४ मिलिमीटर होतो तिथे १२ झाला. आता तुम्ही विचारताय की दोघांपैकी चूक कोण, महिना खरंच जगावेगळा होता का, आणि याला हवामानबदल म्हणायचं का.

जुन्या नोंदी तपासणं आणि त्यातून सरासऱ्या काढणं हेच माझं वर्षानुवर्षांचं काम आहे, त्यामुळे आधी एक सांगते, चूक बहुतेक कुणाचीच नाहीये. तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या वजाबाक्या केल्यात. तुमच्या वजाबाकीत एका बाजूला गच्चीवरचा सेन्सर आहे आणि दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी मोकळ्या मैदानातला थर्मामीटर, तोही कित्येक दशकांपूर्वीचा. वेधशाळेच्या वजाबाकीत दोन्ही बाजूंना तेच ठिकाण आहे. म्हणून खरा प्रश्न २.४ की ०.९ हा नाही. ही सरासरी कुठली, कधीची आणि कशी मोजलेली, हा आहे. ते एकदा मार्गी लागलं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं. काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून कुणीच सांगू शकणार नाही, तिथे तिथे तसं सांगेनच.

आधी सरासरी कधीची ते बघू. हवामानाची दीर्घकालीन सरासरी तीस वर्षांची धरायची पद्धत जुनी आहे. १९३५ साली वॉर्साच्या परिषदेत तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय हवामान संघटनेने १९०१ ते १९३० हा काळ सगळ्यांनी धरावा असं सुचवलं होतं. नंतर १९३१ ते १९६०, मग १९६१ ते १९९० असे टप्पे आले. २०१५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ठरवलं की रोजच्या वापरातली सरासरी दर दहा वर्षांनी पुढे सरकवायची, म्हणून आता चालू आहे ती १९९१ ते २०२० ची. १९६१ ते १९९० चा तक्ता रद्द झालेला नाही, लांब पल्ल्याचा बदल मोजायला तो मुद्दाम जपून ठेवलाय, म्हणूनच तो तुम्हाला सहज सापडला. पण जगाचं सरासरी तापमान या दोन कालखंडांमध्ये साधारण अर्ध्या अंशाने वाढलंय, आणि जमिनीवर ही वाढ समुद्रापेक्षा जास्त आहे. म्हणजे जुना तक्ता धरला की फरक मुळातच फुगून येणार. तुमच्या शहरापुरता किती, ते दोन्ही तक्ते शेजारी ठेवून त्या एका महिन्याची वजाबाकी केली की लगेच कळेल. पूर्ण वर्षाची करू नका हं, कारण वाढ सगळ्या महिन्यांत सारखी झालेली नसते, एखाद्या ठिकाणी हिवाळा जास्त तापलेला असतो तर एखाद्या ठिकाणी उन्हाळा.

दुसरं, महिन्याची सरासरी म्हणजे नक्की काय. बऱ्याच देशांत दिवसाची सरासरी म्हणजे कमाल अधिक किमान भागिले दोन, एवढं सोपं. तुमचं स्टेशन मात्र दर पाच मिनिटांचं वाचन घेतं आणि त्या सगळ्यांची सरासरी काढतं. हे दोन आकडे एकच नसतात. हिवाळ्यात रात्र मोठी, दुपारचा चढ छोटा, त्यामुळे आकाश निरभ्र असलेल्या दिवशी चोवीस तासांची खरी सरासरी बहुतेक वेळा कमाल-किमानाच्या मध्यबिंदूच्या खाली येते. जर्मनीत तर कित्येक दशकं तिसरीच पद्धत होती, सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ ची वाचनं घ्यायची, रात्री ९ चं दोनदा धरायचं आणि बेरजेला चारने भागायचं. यात कुठली बरोबर आणि कुठली चूक असं काही नाही, पण एका पद्धतीचा महिना दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यातून वजा केला की अर्धा-पाऊण अंश कुठून आला ते कळतच नाही. तुमच्या ॲपमध्ये रोजचं कमाल आणि किमान वेगळं मिळत असेल, तेच घ्या आणि शहराचा तक्ता ज्या पद्धतीने केलाय त्याच पद्धतीने सरासरी काढा.

याच्याशी जोडलेली एक भानगड आहे जी घरी नोंदी ठेवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, ती म्हणजे दिवस किती वाजता संपतो. जुने कमाल-किमान थर्मामीटर दिवसातून एकदा वाचून रिसेट करायचे असत. समजा सोमवारी सकाळी आठला पारा ६ अंशांवर होता, निरीक्षकाने वाचन घेतलं आणि थर्मामीटर रिसेट केला. रिसेट झाला त्या क्षणी त्याचं नवं किमान ६ पासूनच सुरू होतं. आता मंगळवारची पहाट ढगाळ निघाली, पारा ११ च्या खाली गेलाच नाही, तरी मंगळवारी आठला वाचलं तर किमान ६ च दिसणार, म्हणजे सोमवारची एकच थंड पहाट दोन दिवसांच्या खात्यात लागली. संध्याकाळी वाचन घेणाऱ्याकडे याच्या बरोबर उलट होतं, गरम दुपार दोनदा मोजली जाते. अमेरिकेत विसाव्या शतकात स्वयंसेवक निरीक्षकांनी हळूहळू संध्याकाळचं वाचन सोडून सकाळचं धरलं आणि नुसत्या त्या बदलामुळे नोंदींमध्ये खोटी घसरण शिरली, ती आजही दुरुस्त करून घ्यावी लागते. तुमच्या स्टेशनचा दिवस मध्यरात्री बदलतो. शहराच्या स्टेशनचा कधी बदलतो ते तक्त्याच्या टिपांमध्ये असतं, तेवढं बघून ठेवा, कारण हिवाळ्यात पहाटेच्या किमान तापमानालाच याचा सगळ्यात जास्त झटका बसतो.

आता जागा, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा संशय हिचाच आहे. हवेचं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत, सावलीत आणि वारा खेळता ठेवून मोजायचं असतं. त्यासाठीची ती पांढरी झडपांची पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनियरने एकोणिसाव्या शतकात तयार केली आणि तीच कल्पना आज तुमच्या सेन्सरवरच्या प्लॅस्टिकच्या थाळ्यांमध्ये आहे. पण गच्ची म्हणजे जमीन नव्हे. दिवसभर काँक्रीट ऊन पितं आणि रात्रभर ते सोडत राहतं. त्यात हिवाळ्यातल्या शांत, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन जमिनीलगत साचते आणि वर तुलनेने उबदार थर राहतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवर आणि खाली मैदानात एकाच वेळी सहज दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. शहराच्या मधली वस्ती असेल तर तिचा स्वतःचा उबारा वेगळा, तोही अशाच रात्री जास्त. दिवसा उलट पंचाईत, हिवाळ्यात सूर्य खालून येतो, थाळ्यांच्या बाजूने ऊन आत शिरतं, आणि वारा पडलेला असेल तर स्वस्तातलं कवच दुपारचा आकडा अंशभर तरी वर ढकलतं. सेन्सर कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला चिकटून असेल तर आधी तो सोडवा, बाकी सगळं नंतर.

पण जागा आदर्श नाही म्हणून तुमच्या नोंदी वाया गेल्या असं अजिबात नाही, आणि हे मी मनापासून सांगतेय, कारण अशा घरच्या नोंदींतून मला स्वतःला खूप शिकायला मिळालंय. सेन्सर रोज सारखाच फसत असेल तर ते फसणं वजा करता येतं. तुम्ही लिहिलंय की मागच्या हिवाळ्याच्याही नोंदी तुमच्याकडे आहेत. मग असं करा, त्या काळातल्या प्रत्येक दिवसाचं तुमचं किमान आणि शहराच्या स्टेशनचं किमान शेजारी लिहा, फरक काढा, मग कमालचंही तसंच वेगळं. त्या फरकांची सरासरी म्हणजे तुमच्या गच्चीचा कायमचा वाढावा. गेल्या महिन्याच्या आकड्यातून तो काढून टाकला की जे उरेल ते शहराच्या सरासरीशी तुलना करण्याजोगं.

यात एक मेख आहे. मी वर म्हटलं की गच्ची आणि मैदान यांच्यातला फरक शांत निरभ्र रात्री मोठा असतो, ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हवा ढवळली जाते आणि तो जवळपास संपतो. मागचा हिवाळा निरभ्र गेला असेल आणि गेला महिना ढगाळ, तर मागच्या वर्षीचा सरासरी वाढावा जसाच्या तसा वजा केलात की गेला महिना होता त्यापेक्षा थंड दिसायला लागेल. म्हणून रात्रींचे दोन गट करा, निरभ्र-शांत आणि ढगाळ-वाऱ्याच्या, आणि दोघांचे फरक वेगळे काढा. ऊन मोजणारा सोलर सेन्सर रात्री उपयोगाचा नाही, पण वाऱ्याचा वेग आणि कमाल-किमानातलं अंतर बघून गट पाडता येतात, अंतर मोठं ती रात्र बहुधा निरभ्र. थोडं किचकट आहे खरं, पण एका संध्याकाळचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला कामाला येतं.

इथपर्यंतचं एकत्र करायचं तर तुमच्या २.४ मध्ये वेधशाळेचे ०.९ आहेतच, वरच्या दीड अंशात काही भाग जुन्या तक्त्याचा, काही सरासरी काढायच्या पद्धतीचा (तो उलट दिशेचाही असू शकतो) आणि उरलेला गच्चीचा. कुणाचा वाटा किती हे वरच्या वजाबाक्या केल्याशिवाय सांगता येणार नाही, पण दीड अंशाला ही तीन कारणं पुरेशी आहेत. सेन्सर बिघडला असेल असं मानायची अजून तरी गरज दिसत नाही.

आता मला ज्यात खरा रस आहे ते. दुपार नेहमीसारखी आणि पहाटेचा गारठा गायब, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत पण तुमच्या सगळ्या माहितीत तेच सगळ्यात मोलाचं आहे. महिन्याचा एकच आकडा घेऊन बसलं की हे झाकलं जातं. समजा शहराचं किमान तापमान महिनाभर सरासरीच्या २.६ अंश वर होतं आणि कमाल ०.८ अंश खाली, तर दोन्ही मिळून बरोबर ०.९ जास्त येतं. आणि दुसरा एखादा महिना असा असू शकतो की रात्री अगदी सरासरीइतक्या आणि दुपारी १.८ ने जास्त, त्याचाही आकडा ०.९ च. हे दोन महिने एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. पहिला ढगांनी आणि दमट हवेने उबदार केलाय, दुसरा स्वच्छ उन्हाने. म्हणून मी कुठलाही महिना हातात घेतला की आधी कमाल आणि किमान वेगळे करते, सरासरीकडे नंतर बघते.

रात्री गारठा न पडण्यामागचं कारण सरळ आहे. सूर्य मावळला की जमीन अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत राहते. आकाश मोकळं असेल तर ती निघून जाते आणि जमिनीलगतची हवा झपाट्याने निवते. ढग असले की ते खालून आलेली उष्णता शोषून त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात, पांघरूण घातल्यासारखं. हवेतली वाफही हेच काम करते, जरा कमी प्रमाणात. त्यात वाफेचा अजून एक परिणाम आहे. पारा दवबिंदूपर्यंत उतरला की दव पडायला किंवा धुकं धरायला लागतं, वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते. म्हणूनच वारा आणि हवेचा प्रवाह बदलणार नसेल तर संध्याकाळचा दवबिंदू हा पहाटेच्या किमान तापमानाचा बऱ्यापैकी अंदाज देतो. तुमच्या स्टेशनवर दवबिंदू दिसतो. गेल्या महिन्यातले संध्याकाळी सातचे दवबिंदू काढा आणि दुसऱ्या दिवशीचं किमान त्यांच्या शेजारी ठेवा. माझा अंदाज असा की महिनाभर दवबिंदू चढाच होता आणि किमान तापमान त्याच्यावर टेकून राहिलं, आणि शेवटच्या चार दिवसांत कोरडी हवा शिरली, दवबिंदू धाडकन खाली आला आणि पाठोपाठ पहाटेचा पाराही. तसं नसेल तर मात्र माझं म्हणणं परत तपासावं लागेल, तेव्हा हे आकडे जरूर टाका.

ते शेवटचे चार दिवस दुसऱ्या एका कारणासाठीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. महिना कॅलेंडर ठरवतं, हवा नाही. थंडीची लाट पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली असेल तर तिचे दोन तुकडे होऊन निम्मी या महिन्यात आणि निम्मी त्या महिन्यात जाते, आणि दोन्हीकडे तिचा जोर लपतो. शिवाय तीस-एकतीस दिवस म्हणजे तीस-एकतीस सुट्या घटना नसतात, हवा चार-पाच दिवस एकसारखी राहते आणि मग बदलते, म्हणजे महिन्यात खऱ्या अर्थाने पाच-सहाच टप्पे. त्यातला एक टप्पा इकडचा तिकडे झाला की अख्ख्या महिन्याची सरासरी अंशभर हलू शकते. त्यामुळे मी सरासरीसोबत रोजच्या किमान तापमानाचा मध्यकही बघते. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला, टोकाच्या चार दिवसांनी तो सहसा हलत नाही. आणि सलग रोजचा ग्राफ काढा, सरासरीची रेघ त्यावर ओढा. किती दिवस रेघेच्या वर, किती खाली, सलग किती, हे डोळ्यांना जे दिसतं ते कुठल्याच एका आकड्यात येत नाही.

महिना जगावेगळा होता का, याचं उत्तर ०.९ किंवा २.४ मध्ये नाहीच, ते तुमच्याकडे तो महिना एरवी किती हलतो यात आहे. समशीतोष्ण भागात हिवाळ्याचे महिने भयंकर हलतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मध्य इंग्लंडच्या तापमानाची मालिका, ती १६५९ पासून दरमहा आहे, उपकरणांनी मोजलेली जगातली सगळ्यात लांब मालिका. तिच्यात डिसेंबर २०१० ची सरासरी उणे ०.७ अंशांच्या आसपास आणि डिसेंबर २०१५ ची ९.७ च्या आसपास, पाच वर्षांत एकाच महिन्यात दहा अंशांचा फरक. आणि त्याच मालिकेत जुलै महिना साडेतीनशेहून जास्त वर्षांत सगळ्यात गार झाला तो १८१६ साली १३.४ आणि सगळ्यात गरम २००६ साली १९.७, म्हणजे जुलैचं आख्खं मैदान सव्वासहा अंशांचं. हिवाळ्यात वारा कुठून येतो यावर सगळं ठरतं, समुद्रावरून आला तर उबदार आणि ओला, खंडाच्या आतून किंवा ध्रुवाकडून आला तर कोरडा आणि गोठवणारा, आणि त्या वेळी ऊन इतकं दुबळं असतं की ते हा फरक भरून काढू शकत नाही. उष्ण कटिबंधात मात्र तोच महिना वर्षानुवर्षं अर्धा-पाऊण अंशाच्या आतबाहेर राहतो, तिथे ०.९ म्हणजे मोठी गोष्ट.

तुमच्यासाठी हिशोब असा करा. शहराच्या स्टेशनच्या या महिन्याच्या १९९१ ते २०२० मधल्या तीसही वर्षांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या मिळवा, त्या उतरत्या क्रमाने लावा आणि गेला महिना कितवा येतो ते बघा. तिसऱ्या-चौथ्या नंबरावर आला तर चांगलाच उबदार, दहाव्याच्या आसपास आला तर हिवाळा मऊ होता एवढंच. हवं तर प्रमाण विचलन काढा, म्हणजे तो महिना सरासरीपासून एरवी किती लांब जातो त्याचं माप. एक विचलन वर असलेला महिना साधारण सहा वर्षांतून एकदा येतो, दोन विचलनं वर असलेला चाळीस-पंचेचाळीस वर्षांतून एकदा. थंड प्रदेशात हिवाळी तापमान दोन्ही बाजूंना सारखं पसरत नाही, थंडीकडची शेपूट लांब असते, म्हणजे खूप थंड महिने सरासरीपासून जास्त लांब जातात, त्यामुळे मला तरी विचलनापेक्षा क्रमांक जास्त विश्वासाचा वाटतो. क्रमांकही किमान आणि कमाल तापमानाचा वेगवेगळा काढा. किमान तापमानात महिना दुसरा आणि कमालमध्ये विसावा असं काही निघालं तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

पावसाचं एका परिच्छेदात आटोपते. ४ च्या जागी १२ मिलिमीटर म्हणजे सरासरीच्या तिप्पट, ऐकायला केवढं वाटतं, पण कोरड्या महिन्यात सरासरी इतकी लहान असते की एका संध्याकाळच्या सरीने तिप्पट होते. शिवाय अशा महिन्यांत बहुतेक वर्षी शून्य ते एक-दोन मिलिमीटर आणि एखाद्या वर्षी तीस-चाळीस, असा प्रकार असतो, त्यामुळे सरासरी ४ आली तरी चार मिलिमीटर पडलेलं वर्ष शोधून सापडत नाही. पावसाला टक्केवारी लावूच नका, पावसाचे दिवस किती आणि क्रमांक कितवा एवढं लिहा. उबदार रात्री आणि हा पाऊस एकाच दमट हवेची दोन रूपं असावीत, वर म्हटलेला डिसेंबर २०१५ सुद्धा तिकडे नुसता उबदार नव्हता, ब्रिटनच्या १९१० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात ओला महिना होता.

हवामानबदलाचं. एका शहरातल्या एका महिन्यावरून हो किंवा नाही, काहीच म्हणता येत नाही. त्या महिन्यात वारे कुठून वाहिले, एल निनो होता का, उत्तर अटलांटिकजवळ राहत असाल तर तिथल्या हवेच्या दाबाचा चढउतार कुठल्या बाजूला झुकला होता, यांचा हात एका महिन्यापुरता फार मोठा असतो. पण म्हणून हवामानबदलाचा काही संबंध नाही असंही नाही. सरासरीलाच थोडं सरकवून बघा काय होतं ते. एखादा महिना दोन विचलनांपेक्षा उबदार असण्याची शक्यता मूळच्या हवामानात शंभरात सव्वादोनच्या आसपास. आता सगळं वितरण, म्हणजे थंड-उबदार महिन्यांचा सगळा पसारा, अर्धंच विचलन वर सरकलं तर तीच शक्यता शंभरात साडेसहाच्या वर जाते, जवळजवळ तिप्पट. सरासरी थोडीशीच हलली, पण टोकाचे महिने कितीतरी वेळा यायला लागले. तुमच्या जागी हेच झालंय का, ते कळायला त्या महिन्याची पन्नास-साठ वर्षांची रांग लागते, शेवटचा एक ठिपका नाही. आणि १९९१ ते २०२० या काळाचा मध्य २००५ च्या सुमाराला येतो, म्हणजे जिथे तापमान वाढत चाललंय तिथे आजचा अगदी साधा महिनासुद्धा या सरासरीच्या थोडा वरच पडणार. वेधशाळेचे ०.९ वाचताना हेही मनात असू द्या.

शेजारच्या शहरांचे आकडेही बघा, हे राहिलं होतं. प्रत्यक्ष तापमान गावागणिक बदलतं, पण सरासरीपासूनचा फरक शेकडो किलोमीटरपर्यंत साधारण एकसारखा असतो. आजूबाजूची चार स्टेशनं ०.७ ते १.१ दाखवत असतील आणि एकटी तुमची गच्ची २.४, तर कुठे शोधायचं ते कळलंच. चारही दोनच्या वर असतील तर मात्र शहराच्या स्टेशनकडेच जरा संशयाने बघावं लागेल, स्टेशन हलवलं, बाजूला डांबर पडलं, उपकरण बदललं, असं काही झालंय का.

एक तपासणी सगळ्याच्या आधी करायला हवी, ती म्हणजे तुमच्या डेटात खाडे किती आहेत. जागतिक हवामान संघटनेचा नियम असा की महिन्यात अकरा किंवा त्याहून जास्त दिवस नोंद नसेल, किंवा सलग पाच दिवस नसेल, तर त्या महिन्याची सरासरी काढूच नये. घरच्या स्टेशनला मी याहून कडक राहायला सांगेन, कारण तिथले खाडे योगायोगाचे नसतात. कडाक्याच्या थंडीत साध्या अल्कलाइन सेलचा जोर कमी होतो, सेन्सर नेमका सगळ्यात गार पहाटे गप्प होतो, सकाळी ऊन लागलं की परत बोलायला लागतो, आणि ॲप त्या दिवसाचं किमान म्हणून सात-आठ वाजताचा आकडा खुशाल लावून टाकतं. शेवटच्या चार थंड दिवसांत असं झालंय का ते पाच-पाच मिनिटांच्या नोंदी उघडून बघा. झालं असेल तर ते दिवस कोरे सोडा, अंदाजाने भरू नका, थंड भागात राहत असाल तर सेल लिथियमचे घाला, आणि सेल कधी बदलले, सेन्सर किती हलवला, कवच कधी धुतलं याची तारखेसकट एक वेगळी वही ठेवा. पाच वर्षांनी आकड्यात एखादी पायरी दिसली की ती हवेची की सेन्सरची हे त्याच वहीतून कळतं.